महिन्याला चारच

पंचफुला सोनकांबळेला कुणालाच नाही म्हणता येत नसे. लोक याला मोठं मन म्हणत. ज्यांना तिच्याकडून पैसे मिळत ते तर हमखास म्हणत. ती स्वतः मात्र हा जिभेचा आजार आहे असं सांगायची. शब्द इथवर येतो आणि अडकतो, असं म्हणून गळ्याला हात लावून दाखवायची.

ती मूळची देगलूरकडची. लग्न होऊन हैदराबादला आली. नवरा एके सकाळी सिकंदराबाद स्टेशनला जाऊन येतो म्हणाला, गेला, आणि आला नाही. पुढे तो वरंगलला दुसऱ्या बाईसोबत राहतो अशी बातमी लागली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की तिथं तरी कामावर जातो का. जात नव्हता. ते ऐकून तिला बरं वाटलं आणि तिनं विद्यानगरातल्या एका लेडीज हॉस्टेलात भांडी घासायचं काम धरलं. आज त्याच हॉस्टेलचं स्वयंपाकघर तिच्या हुकमतीत आहे. करीमनगर, आदिलाबादहून परीक्षांच्या तयारीला आलेल्या पोरी तिला अक्का म्हणतात, तिचं सांबार पातळ असतं अशी तक्रार करतात आणि दोनदा मागून घेतात. मी हॉस्टेलच्या समोर राहते, तिच्याकडून ज्वारीच्या भाकरी विकत घेते. ही हकीकत मला थोडी भाकरींबरोबर मिळाली आणि थोडी मी माझ्या गॅलरीतून पाहिली.

तिचं बँकेतलं खातं हॉस्टेलचे मालक हिम्मतराव यांच्यामुळे निघालं. पगार रोख वाटणं बंद करा, असं त्यांच्या सीएनं त्यांना दरडावलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांना एका ऑटोत कोंबून मेन रोडवरच्या बँकेत नेलं आणि प्रत्येकीचं साधं खातं उघडून दिलं. हे गरिबांसाठीचं खातं. शिल्लक शून्य झाली तरी दंड नाही, कार्ड फुकट. फक्त पैसे महिन्यातून चारदाच काढायचे, मशीनमधून काढा नाहीतर काउंटरवरून. त्यापुढे काही बँका पैसे कापतात, काही सरळ दार लावून घेतात. ही बँक दार लावणाऱ्यांतली होती. हे पंचफुलाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर इंग्रजीत सांगितलं असेल.

तिला ते कळलं तिच्या भावामुळे. धाकटा अंबाजी सिकंदराबादला राहतो. मिशी काळीभोर रंगवलेली, बोलणं गोड आणि दर वर्षी नवा धंदा. आबिड्सच्या फुटपाथवर त्यानं मोबाइलची कव्हरं विकली, तीही नेमकी बाजारातून उठलेल्या मॉडेलची. पाण्याचे डबे घरोघर पोचवण्याचा धंदा काढला आणि पहिल्याच आठवड्यात पाठ धरून बसला. मग गच्चीवर विकायला बटेर पक्षी पाळले. अंबाजी खोटारडा नव्हता, हीच त्याची खरी अडचण होती. प्रत्येक धंदा सुरू करताना त्याचा त्यावर पक्का विश्वास असायचा आणि ऐकणाऱ्याचाही बसायचा. भांडवल अर्थातच आक्काचं.

बटेरांच्या खाद्यासाठी तो एकदा महिनाअखेरीला आला आणि तिला घेऊन एटीएमवर गेला. तिनं कार्ड घातलं, आकडे दाबले. मशीन आतल्या आत बराच वेळ कुरकुरलं आणि कार्ड तेवढं परत दिलं. पडद्यावर काय आलंय ते अंबाजीनं वाचलं आणि मशीनच्या बरगडीत एक बुक्की घातली. बाहेर बसलेला वॉचमन आत आला. म्हणाला, "चार हो गये अम्मा. अब पैली तारीख कू आना."

अंबाजी वॉचमनशी भांडला, मशीनशी भांडला, काचेच्या दाराशीही भांडला. बहिणीशी मात्र भांडला नाही. उलट, बघ आक्का, तुझ्या हक्काच्या पैशावर हे लोक बसलेत, असं म्हणून तिच्याबद्दल हळहळतच तो बसमध्ये चढला. तिच्याकडून रिकाम्या हातानं जाण्याची ही त्याची पहिलीच वेळ, आणि तो रागावला होता बँकेवर. परत येताना पंचफुलाला आपण तरंगत चाललोय असं वाटत होतं. पन्नास वर्षांत तिच्या तोंडून निघालं नव्हतं ते त्या डब्यानं नुसतं कार्ड बाहेर ढकलून म्हणून दाखवलं होतं.

पुढच्या महिन्यापासून तिनं शिस्त लावली. पहिली खेप खोलीच्या भाड्याची, दुसरी किराण्याची, तिसरी हातखर्चाची. उरली चौथी. ती मोकळी ठेवणं म्हणजे अंबाजीला आमंत्रण. म्हणून महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ती मशीनवर जाऊन शंभराची एक नोट काढायची आणि हॉस्टेलच्या पोरींना गरम मिरची भजी आणायची. पोरींना वाटायचं, अक्का किती मायाळू. मायाळू ती होतीच, पण भजी त्यातली नव्हती.

एवढं झालं की महिनाभर ती निर्धास्त. कुणी दारात आलं आणि चेहरा पाडून बसलं, की ती पाण्याचा तांब्या पुढे करून तितक्याच पडेल चेहऱ्यानं म्हणायची, "चार झाले." मेव्हणीच्या ऑपरेशनसाठी आलेले गेले. मेव्हणी ठणठणीत होती, हे नंतर कळलं. विहाराच्या कमिटीवाल्यांना नवी साउंड सिस्टिम घ्यायची होती, त्यांनाही चार झाल्याचं कळलं. त्या वर्षी जयंतीला जुन्याच भोंग्यावर भाषणं झाली, आणि ती कुणाला नीट ऐकू आली नाहीत याची तक्रार भाषणं करणाऱ्यांशिवाय कुणीच केली नाही.

खात्यात पैसे साठत गेले. कशासाठी साठवतेस, असं मी एकदा विचारलं. तिला पोर नाही, बाळ नाही, गावाकडे घर बांधायची इच्छा नाही. माझ्या प्रश्नाचं तिला नवलच वाटलं.

"कशालाच नाही," ती म्हणाली. "मी लई उभी राहिले. माझ्या पैशाला तरी जरा बसू द्या."

असा तो पैसा बसलेला असताना एके दुपारी बँकेची दोन माणसं हॉस्टेलात आली. खातेदारांची कागदपत्रं नव्यानं तपासायची होती. त्यांतला एक अनिरुद्ध नावाचा तरुण अधिकारी, सांगलीकडचा, नुकताच बदलून आलेला. विद्यानगरात मराठी ऐकून त्याला फार आनंद झाला. त्यानं मावशी मावशी करत पंचफुलाचा आधार नंबर घेतला आणि हातातल्या यंत्रावर तिला अंगठा ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, तुमच्या खात्यात एवढे पैसे आहेत आणि खातं अजून साधंच कसं, चांगलं करून देऊ का. चांगलं करून देतो म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तिला तर वाईट करून देतो म्हणणाऱ्यालाही म्हणता येत नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा अंगठा ठेवला. अनिरुद्ध वाईट मुलगा नव्हता. त्या महिन्यात अशी किती खाती चांगली करायची, हे त्याला वरून ठरवून आलं होतं.

नवं कार्ड कुरिअरनं आलं. सोनेरी रंगाचं, सोबत चकचकीत माहितीपत्रक. पंचफुलाचं नशीब असं, की त्या वेळी अंबाजी तिच्या खोलीत अंबाडीची भाजी आणि भाकरी खात बसला होता. माहितीपत्रकावरचं इंग्रजी तो एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागला. वाचता वाचता जेवायचा थांबला. अंबाजी जेवण संपवूनच उठेल, मध्येच थांबणार नाही, म्हणून तिनं काय झालं असं विचारलं.

"आक्का, इथं लिहिलंय अनलिमिटेड."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझे आता कधीच चार होणार नाहीत."

हात धुवायच्या आधी त्यानं नवा धंदा सांगितला. जुन्या शहरात एक माणूस पांढरी घोडी विकत होता. नाव शहजादी. घोडीला एक बग्गी जोडायची आणि लग्नाच्या वराती करायच्या. हैदराबादेत माणसं लग्न करायची थांबतील का? मोबाइलची मॉडेलं बदलतात, नवरदेव बदलत नाही. घोडी तीच, नवरे वेगवेगळे. हे ऐकताना पंचफुलाला घोडी दिसायला लागली, दिवे लावलेली बग्गी दिसायला लागली. तिनं सवयीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की म्हणायला काहीच उरलेलं नाही.

त्या आठवड्यात ती अंबाजीबरोबर मशीनवर चार-पाच फेऱ्या करून आली. मशीन दर वेळी आनंदानं नोटा मोजून देत होतं. तिला त्याचा विश्वासघात वाटला. घोडीचा बयाणा दिला गेला. त्यानंतर तिच्या साध्या फोनवर मेसेज यायला लागले. ते हॉस्टेलच्या वॉर्डन इंदुताईंनी वाचून दाखवले. ठरावीक खेपांच्या पुढे काढल्याबद्दल दर खेपेचे पैसे कापले होते. सोनेरी कार्डाचे वर्षाचे वेगळे, मेसेज पाठवल्याबद्दलचेही वेगळे. इंदुताईंनी माहितीपत्रक मागवून पाहिलं. अनलिमिटेड या शब्दाच्या खांद्यावर एक बारीक चांदणी बसली होती, आणि तिचा खुलासा मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरात होता. अंबाजी तिथवर पोचला नव्हता. तो पहिल्याच शब्दावर खूश झाला होता.

दुसऱ्या दिवशी पोरींची जेवणं उरकून पंचफुला बँकेत गेली आणि अनिरुद्धच्या समोर बसली.

"साहेब, माझे चार परत द्या."

त्याला आधी वाटलं चार हजार. मग चार नोटा. शेवटी कळलं, की या बाईला महिन्याला चारदाच पैसे काढता येणारं जुनं खातं परत हवं आहे. त्यानं तिची समजूत घालायला सुरुवात केली. या खात्यावर अपघाताचा विमा आहे, दुकानांत सूट आहे, विमानतळावर खास खोलीत बसून फुकट जेवता येतं. पंचफुलानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की ती रोज शंभर पोरींना जेवायला घालते, तर एकटीनं जेवायला शमशाबादच्या विमानतळापर्यंत कशाला जाईल. अनिरुद्धनं मग खरं कारण सांगितलं. सिस्टिममध्ये खातं वर न्यायचं बटन आहे, खाली आणायचं त्याला सापडत नाही.

"आमच्या हॉस्टेलची लिफ्टबी वर अडकती," ती म्हणाली. "मग मिस्त्रीला बोलावतात. तुमचा मिस्त्री कोण हाय?"

अनिरुद्धनं मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं. मॅनेजर मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही मीटिंगला होत्या. बँकेत एवढ्या मीटिंगा कशाच्या चालतात हे पंचफुलाला कळेना, पण बँकेत एसी होता आणि दुपारच्या वेळी तिला दुसरं काम नव्हतं. ती रोज येऊन बाकड्यावर बसायला लागली. तिनं आरडाओरडा केला नाही. ती फक्त शेजारी बसणाऱ्याशी गप्पा मारायची. शेजारी बहुतेक पेन्शनवाले असत. त्यांना ती विचारायची, तुमचं खातं साधं हाय की तुम्हाला न सांगता चांगलं केलंय? बघून घ्या हो, मामा. माझं केलं.

पेन्शनवाल्याला मोकळा वेळ आणि संशय ही दोन्ही भरपूर असतात. आठवडा संपायच्या आत अनिरुद्धच्या टेबलासमोर पासबुकं घेतलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागली. काहींची खाती खरंच चांगली झालेली निघाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तर तिथंच कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि आता मी हलत नाही असं जाहीर केलं. तेव्हा कुठे केबिनचं दार उघडलं आणि मॅनेजर मॅडमनी पंचफुलाला आत बोलावलं.

मॅडम तेलुगू, निवृत्तीला आलेल्या. पुढचं बोलणं दोघींच्या मोडक्या हिंदीत झालं, ते मी मराठीत सांगते. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, इतकी वर्षं नोकरी केली, माणसं येतात ती जास्त मागायला. कर्ज जास्त, व्याज जास्त, मर्यादा जास्त. कमी मागायला आलेल्या तुम्ही पहिल्या. असं का, ते मला खरं सांगा.

पंचफुलानं खरं सांगितलं. "मला नाही म्हणता येत नाही, मॅडम. तुमचं मशीन माझ्या वतीनं म्हणायचं. तुम्ही त्याचं तोंड बंद केलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी अनिरुद्धला बोलावून एक अर्ज आणायला सांगितला. ग्राहकानं लेखी मागितलं तर साधं खातं देता येतं, देतातही. बटन होतं, फक्त ते कुणी शोधलं नव्हतं. आठवडाभर लागेल, कापलेले पैसेही परत येतील, असं मॅडमनी सांगितलं. पंचफुला उठली तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, हे मशीन दिरांनाही नाही म्हणतं का.

आता खरं म्हणजे तिनं आठवडाभर गप्प बसायला हवं होतं. पण अंबाजीनं फोन करून काय चाललंय विचारलं, आणि विचारलेलं न सांगणं म्हणजेही एक प्रकारचं नाही म्हणणंच. तिनं सगळं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर गल्लीत टापांचा आवाज आला. पाहते तो अंबाजी पांढऱ्या घोडीचा लगाम धरून येतोय. मालकाकडून त्यानं ती तासाभरासाठी दाखवायला म्हणून आणली होती. कपाळावर लाल तुरा, गळ्यात घुंगरांची माळ. अंबाजीनं मिशी नुकतीच रंगवली होती, त्यामुळे त्या दोघांत तो जास्त नटलेला दिसत होता. हॉस्टेलच्या पोरी पुस्तकं टाकून खाली धावल्या. कुणी घोडीबरोबर सेल्फी काढतंय, कुणी तिला बिस्किट खाऊ घालतंय. इंदुताई गेटाजवळ उभ्या राहून हे नियमात बसतं का याचा विचार करत होत्या.

पंचफुला पिठाच्या हातानं बाहेर आली. घोडी फार सुंदर होती, हे तिनं नंतर मला दोनदा सांगितलं. अंबाजीनं लगाम एका पोरीच्या हातात दिला, आक्काच्या पाया पडला आणि म्हणाला, उरलेले पैसे आज दिले नाहीत तर घोडी दुसऱ्याला जाईल, बयाणाही बुडेल. चार दिवसांत बँक तुला पुन्हा बांधून घालणार. आताच मशीनवर चल.

पंचफुला हलली नाही. नेहमीसारखी तिची जीभ अडखळली असेल असं मला वाटलं. अंबाजीलाही वाटलं असावं, कारण त्यानं स्वतःच तिला शब्द पुरवला.

"का, चार झाले का?"

"एकबी झाला नाही. पहिली तारीख कालच गेली."

"मग?"

"पैसे हायत. मशीनबी चालू हाय," ती म्हणाली. "मी देत नाही, अंबाजी."

सेल्फी काढणाऱ्या पोरींचे फोन खाली आले. पोरींना मराठी कळत नव्हती, पण काय झालं ते सगळ्यांना कळलं. अंबाजी इकडे तिकडे बघायला लागला. त्याला रागवायला कुणीतरी हवं होतं. वॉचमन नव्हता, मशीन नव्हतं, काचेचं दार नव्हतं, समोर फक्त बहीण होती, आणि तिच्यावर रागवायची त्याला सवय नव्हती. शेवटी तो म्हणाला, तुला झालंय काय. ती म्हणाली, काही नाही, भाकरी तव्यावर हाय, जेवून जा.

तो जेवला नाही. लगाम घेऊन चालता झाला. शहजादीनं मात्र जाता जाता गेटासमोर आपलं मत मांडलं, आणि ते पंचफुलालाच झाडून काढावं लागलं, कारण घोडी कुणाची पाहुणी होती याबद्दल इंदुताईंच्या मनात शंका नव्हती.

दोन दिवस पंचफुलाला ताप होता. जन्मभर अडकलेला शब्द बाहेर पडला की अंग दुखणारच, असं ती म्हणाली. फार वाईट वाटलं का, असं मी विचारलं. म्हणाली, लई वाईट वाटलं, आणि भूकबी लई लागली.

खातं ठरल्याप्रमाणे साधं झालं. सोनेरी कार्ड गेलं, निळसर, मळकट रंगाचं आलं. कापलेले पैसे परत आले, एका खेपेचे राहिले होते, त्यासाठी ती पुन्हा जाऊन बाकड्यावर बसली. तिला दारात पाहताच अनिरुद्ध स्वतः उठून आला आणि उभ्या उभ्या काम करून दिलं.

आता अंबाजीचं. नियमानं त्याचा हाही धंदा बुडायला हवा होता. पण त्याला सिकंदराबादचा एक मंडपवाला भागीदार मिळाला, घोडी विकत घेतली गेली, आणि आश्चर्य म्हणजे धंदा चालला. लग्नसराईत शहजादीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. काही महिन्यांनी अंबाजी रुसवा सोडून आला, जरीचा कोट घालूनच आला, आणि जेवता जेवता आक्काचा किती नफा हुकला ते त्यानं सविस्तर सांगितलं. तिच्या बयाण्याचं विचारलं तर म्हणाला, तुझे पैसे घोडीच्या मागच्या दोन पायांत आहेत, कुठे जात नाहीत. पंचफुलानं त्याला आणखी भाजी वाढली आणि चांगलं झालं म्हणाली. तिला खरंच चांगलं वाटलं होतं. आपण पैसे दिले नाहीत म्हणून तो बुडेल, ही एकच धास्ती तिला होती, आणि तो तर तिच्याशिवाय छान तरंगत होता. जाताना त्यानं घोडीच्या चंदी-चाऱ्यासाठी थोडे मागून पाहिले. नाही म्हणाली. त्यानंही फारसं मनावर घेतलं नाही.

आम्हाला मात्र या सगळ्याचा त्रास झाला. एकदा तो शब्द जिभेवर बसल्यावर तिनं तो वापरायचाच असं धरलं. हिम्मतरावांनी पुतणीच्या साखरपुड्याचा स्वयंपाक फुकटात करशील का विचारलं, त्यांना नाही म्हणाली. विहाराची कमिटी साउंड सिस्टिमसाठी पुन्हा आली, त्यांना नाही म्हणाली, वर भाषणं लहान करा असंही सुचवलं. गेल्या महिन्यात माझ्याकडे पाहुणे येणार होते. रविवारी दुपारी वीस भाकरी करून देशील का, म्हणून मी गॅलरीतूनच विचारलं. ती हॉस्टेलच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. वर बघून तिनं मला नाही सांगितलं, कारण काही दिलं नाही, आणि पाय हलवत तशीच बसून राहिली. पाहुण्यांना मी शेवटी कोपऱ्यावरच्या हॉटेलातली बिर्याणी घातली.